सही न मागणारा मास्तर

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रात एक वाक्य हमखास येतं : १९०१ साली ते धर्माच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. बहुतेक वाचक (मीही त्यातलाच) हे वाक्य गिळून पुढे जातात. पण ऑक्सफर्डमध्ये ‘मँचेस्टर’ कॉलेज कसं? दोन शहरांमध्ये दोनशेहून अधिक किलोमीटरचं अंतर. पुण्यात ‘नागपूर कॉलेज’ अशी पाटी दिसली तर आपण चौकशी करूच ना!

त्यापुढचा प्रश्न आणखी बुचकळ्यात टाकणारा. शिंदे ख्रिस्ती नव्हते, होणारही नव्हते. जमखंडीचा, फर्ग्युसनमधून बी.ए. झालेला, प्रार्थना समाजाचं काम करायला निघालेला हा मराठा तरुण. पाद्री तयार करणाऱ्या कॉलेजानं त्याला घेतलं कसं? आणि ‘युनिटेरियन’ नावाच्या ख्रिस्ती मंडळींनी त्याला शिष्यवृत्ती का दिली?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका माणसाच्या आयुष्यात बरीचशी सापडतात. जेम्स मार्टिनो त्याचं नाव. जन्म १८०५, मृत्यू जानेवारी १९००. चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यातली चाळीसहून अधिक वर्षं चर्चमध्ये उपदेश करण्यात गेली आणि पंचेचाळीस वर्षं कॉलेजात शिकवण्यात. दोन्ही कामं बराच काळ एकदमच चालू होती.

### राजाचं चर्च आणि बाकीचे

इंग्लंडमध्ये चर्च हे सरकारचं खातं असल्यासारखं होतं, आणि काही अंशी आजही आहे. ‘चर्च ऑफ इंग्लंड’चा प्रमुख राजा किंवा राणी. बिशप वरच्या सभागृहात बसतात. प्रार्थना कोणत्या शब्दांत म्हणायची याचं पुस्तकसुद्धा कायद्यानं ठरवून दिलेलं.

१६६२ साली कायदा झाला की प्रत्येक धर्मगुरूनं हे पुस्तक जसंच्या तसं मान्य करावं. जे मान्य करणार नाहीत त्यांना घरी बसावं लागेल. सुमारे दोन हजार धर्मगुरूंनी नोकरी सोडली. पुस्तकाशी ‘जुळवून न घेणारे’ म्हणून त्यांना आणि त्यांच्या मागून गेलेल्यांना नाव पडलं नॉन-कन्फॉर्मिस्ट. दुसरं नाव डिसेंटर, म्हणजे असहमत. मी पुढे डिसेंटरच म्हणणार आहे, उच्चारायला सोपं.

इथे एक गैरसमज दूर करतो. डिसेंटर म्हणजे कॅथलिक नव्हेत, आणि डिसेंटर हा एकच पंथही नव्हे. बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, पुढे मेथडिस्ट असे अनेक पंथ त्यात येतात. ज्या विल्यम केरींनी बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, ते बॅप्टिस्ट, म्हणजे डिसेंटरच. (व्याकरण छापलं ते १८०५ साली. मार्टिनोचा जन्मही त्याच वर्षीचा. योगायोग, दुसरं काही नाही.) हे लोक मूठभरही नव्हते. १८५१ मध्ये सरकारनं एका रविवारी प्रार्थनेला कोण कुठे जातं याची मोजदाद केली, तेव्हा जवळपास निम्मे लोक राजाच्या चर्चबाहेरच्या प्रार्थनास्थळांत होते.

या गर्दीत सगळ्यात नावडते होते युनिटेरियन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, ही ख्रिस्ती धर्मातली त्रिमूर्तीची कल्पना त्यांना पटत नव्हती. देव एकच, येशू थोर पण माणूस, असं ते मानत. १८१३ पर्यंत हे मत उघड मांडणं कायद्यानं गुन्हा होता. मार्टिनोचा जन्म अशाच घरातला, म्हणजे तो आठ वर्षांचा होईपर्यंत आईवडिलांचा धर्म बेकायदाच म्हणायचा.

### ‘एवढी एक सही करायला काय जातं?’

डिसेंटरांना फाशी दिली जात नव्हती. त्यांची अडवणूक होती ती रोजच्या जगण्यातली, किरकोळ वाटणारी आणि सतत टोचणारी. लग्न लावायचं तर क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांनी राजाच्या चर्चमध्येच जायचं. ही सक्ती १८३६ च्या कायद्यानंतर सुटली. गावच्या चर्चच्या डागडुजीचा कर सगळ्यांनी भरायचा, मग तुम्ही तिथे पाऊल टाका किंवा टाकू नका. तळमजल्यावर राहणाऱ्यानं लिफ्टच्या देखभालीचे पैसे का द्यावेत यावर आपल्या सोसायट्यांच्या सभा किती रंगतात ते आठवा. डिसेंटरांची तक्रार हीच होती. ही वसुली १८६८ पर्यंत चालली.

सगळ्यात मोठी अडवणूक शिक्षणाची. इंग्लंडमध्ये १८२० पर्यंत विद्यापीठं दोनच : ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. राजाच्या चर्चच्या श्रद्धा एकोणचाळीस कलमांत लिहिलेल्या होत्या. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच त्या कलमांखाली सही करावी लागे. केंब्रिजला शिकता येई, पण पदवी घेताना तुम्ही त्याच चर्चचे आहात असं लिहून द्यावं लागे.

आपण मोबाइलवर नवं अॅप घेताना ‘अटी मान्य’ या चौकोनात न वाचता टिचकी मारतो. बहुतेक इंग्रज तरुणही तशीच सही ठोकत, हे खरं आहे. पण ज्यांनी कलमं वाचली, तेच अडकले. जे मनापासून पटत नाही त्याखाली शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सही करायची, म्हणजे ज्ञानाच्या दारात पहिलं काम खोटं बोलण्याचं. अकरावी-बारावीच्या गणितातले ‘डी मॉर्गनचे नियम’ तुम्हाला आठवत असतील. हे ऑगस्टस डी मॉर्गन आपल्याच मदुराईत जन्मलेले. केंब्रिजला ते बी.ए. झाले, पण पुढच्या पदवीसाठी लागणारी श्रद्धेची सही त्यांनी नाकारली, आणि तिथे प्राध्यापक होण्याचा रस्ता बंद करून घेतला. लेखात ते पुन्हा भेटतील.

### बंद दारापलीकडची शाळा

मग डिसेंटरांनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्यांना अकॅडमी म्हणत. नाव छोटं, काम विद्यापीठाचं. तिथल्या प्राध्यापकाला ‘ट्यूटर’ म्हणत. आपल्याकडच्या शिकवण्यांचा आणि या शब्दाचा काही संबंध नाही. एकेक ट्यूटर तत्त्वज्ञान, इतिहास, भाषा, विज्ञान असं दोन-तीन विषयांचं ओझं वाहत असे.

गंमत अशी की ऑक्सफर्ड-केंब्रिजला जुन्या अभ्यासक्रमाची परंपरा जपायची होती, आणि या शाळांकडे जपायला परंपराच नव्हती. त्यामुळे आधुनिक इतिहास, प्रयोगशील विज्ञान, व्यापाराला लागणाऱ्या गोष्टी तिथे लवकर शिरल्या. वॉरिंग्टनच्या अकॅडमीत जोसेफ प्रीस्टली शिकवत, प्राणवायूच्या शोधात ज्यांचं नाव येतं तेच. ती अकॅडमी बंद पडल्यावर १७८६ मध्ये मँचेस्टरला तिचा वारसा सांगणारी नवी निघाली. तिथे काही वर्षं गणित शिकवणारा तरुण होता जॉन डाल्टन, अणुसिद्धान्तवाला. या मँचेस्टर अकॅडमीच्या उद्‌घाटनाला ती ‘सत्याला, स्वातंत्र्याला आणि धर्माला’ अर्पण केली गेली, आणि विद्यार्थ्याकडून किंवा शिक्षकाकडून श्रद्धेची सही मागायची नाही, ही तिची रीत झाली.

ही संस्था पुढे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरली. १८०३ मध्ये यॉर्कला, १८४० मध्ये परत मँचेस्टरला, १८५३ मध्ये लंडनला आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डला. नाव मात्र मँचेस्टरचंच राहिलं. पहिल्या कोड्याचं उत्तर एवढंच. दुसऱ्यासाठी मार्टिनोकडे वळू.

### नॉरिचचा मुलगा

मार्टिनो घराणं मूळचं फ्रेंच प्रोटेस्टंट. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरिच शहरात आलेलं. वडिलांचा कापडाचा धंदा. आठ भावंडांत जेम्स सातवा. त्याच्यावर तीन वर्षांनी मोठी बहीण हॅरिएट, जी पुढे विलायतेतली गाजलेली लेखिका झाली.

शाळेत जेम्सचे हाल झाले, म्हणून त्याला ब्रिस्टलला लँट कारपेंटर या युनिटेरियन धर्मोपदेशकाच्या निवासी शाळेत धाडलं. या मास्तरांची आठवण त्यानं आयुष्यभर आदरानं काढली. हे नाव भारतीयांनीही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८३३ मध्ये राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला आले आणि तिथेच वारले. त्यांचे तिथले यजमान आणि स्नेही याच कारपेंटरांच्या मंडळींतले.

वडिलांच्या मनात मुलानं इंजिनिअर व्हावं. जेम्स डर्बीला एका कारखान्यात उमेदवारी करू लागला. वर्षभरात मन फिरलं आणि धर्मोपदेशक होण्यासाठी तो यॉर्कला, आपल्या त्या फिरत्या कॉलेजात दाखल झाला. ऑक्सफर्डला जाणं शक्यच नव्हतं. १८२७ मध्ये शिक्षण संपलं, पुढच्या वर्षी डब्लिनच्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीत नेमणूक झाली. आता धर्मोपदेशक झाले, तेव्हा इथून पुढे अहो-जाहो.

### पहिला नकार

आयर्लंडमध्ये प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांना राजाकडून वर्षासन मिळे. ‘रेजियम डोनम’, राजाची देणगी, असं त्याचं लॅटिन नाव. १८३१ मध्ये वरिष्ठ सहकारी वारले आणि त्यांच्या वाटचं वर्षासन मार्टिनोंकडे यायची वेळ आली. त्यांनी ते घ्यायला नकार दिला. कारण साधं : तिथल्या कॅथलिक गरिबांना स्वतःच्या धर्माचाही खर्च करावा लागतो आणि वर परक्या चर्चसाठीही द्यावं लागतं. मग आम्ही सरकारी तिजोरीतून का खायचं?

त्यांच्या मंडळींना हे रुचलं नाही. आपले महाराज पैसे नाकारतात म्हणजे पुढच्या महाराजांचेही जाणार! मार्टिनोंना जागा सोडावी लागली. लग्न होऊन तीन-चार वर्षं झालेली, घरी लहान मुलं. १८३२ मध्ये ते लिव्हरपूलच्या पॅराडाइज स्ट्रीटवरच्या प्रार्थनाघरात रुजू झाले.

हा नकार पुढच्या साठ-पासष्ट वर्षांची किल्ली आहे. वरून आलेला पैसा असो, सही असो की पाटी, त्याबद्दल मार्टिनोंना कायम संशय वाटत राहिला. त्यांच्या तत्त्वज्ञानाचे मोठे ग्रंथ आज फारसं कुणी उघडत नाही. हा संशय मात्र मला अजून ताजा वाटतो.

### व्यासपीठ, रेल्वे आणि बदललेलं मत

१८३९ मध्ये लिव्हरपूलच्या तेरा अँग्लिकन, म्हणजे राजाच्या चर्चच्या, धर्मगुरूंनी युनिटेरियन मताविरुद्ध तेरा व्याख्यानांची मालिका जाहीर केली. उत्तराला तिघं उभे राहिले : मार्टिनो, त्यांचे मित्र जॉन हॅमिल्टन थॉम आणि हेन्री जाइल्स. तेराला तेरा व्याख्यानांनीच उत्तर. मार्टिनोंचं नाव यामुळे देशभर झालं.

पुढच्याच वर्षी कॉलेज यॉर्कहून मँचेस्टरला परतलं आणि मार्टिनो तिथे तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. राहायला मात्र लिव्हरपूललाच. दोन्ही शहरांमधली रेल्वे १८३० मध्ये सुरू झालेली, त्यामुळे जाऊन-येऊन शिकवणं जमलं. आपल्याकडच्या डेक्कन क्वीनच्या पासधारकांना ही दगदग समजेल. १८५३ मध्ये कॉलेज लंडनला गेलं, तरी चार वर्षं ते लिव्हरपूलहूनच जात राहिले. १८५७ मध्ये लंडनला बिऱ्हाड हलवलं. १८६९ ते १८८५ या काळात ते कॉलेजचे प्राचार्य होते.

शिक्षक म्हणून त्यांची मोठी गोष्ट कोणती, तर ते विद्यार्थ्यांसमोर मत बदलू शकले. तरुणपणी ते प्रीस्टलीच्या वळणाचे होते : मनातला प्रत्येक विचार हा आधीच्या कारणांचा परिणाम, घड्याळाच्या काट्यासारखा, स्वतंत्र इच्छा वगैरे भ्रम. १८३६ च्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकात तर त्यांनी असंही लिहिलं होतं की जो चमत्कार मानत नाही त्याला ख्रिस्ती म्हणता येणार नाही. ही दोन्ही मतं त्यांनी पुढे सोडून दिली. माणसाला खरोखर निवड असते, असं ते शिकवू लागले. १८४८-४९ मध्ये जर्मनीत जाऊन, चाळिशी ओलांडल्यावर, बर्लिनमध्ये पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. सही मागायची नाही असं का, याचं उत्तर इथे आपोआप मिळतं. पस्तिसाव्या वर्षी त्यांच्याकडून सही घेतली असती, तर पन्नाशीत ते एक तर लबाड ठरले असते किंवा बेकार.

### मनातली शिडी

त्यांचा मुख्य विचार नीतीचा. त्या काळात बेंथम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद जोरात होता. त्याचं सार : ज्या कृतीतून जास्तीत जास्त लोकांना सुख मिळतं ती चांगली.

मार्टिनो म्हणत, आपण न्याय करताना परिणाम नंतर बघतो, आधी बघतो हेतू. गावच्या शाळेला दोघांनी दहा-दहा हजार दिले. एकाला मुलांची कणव आली, दुसऱ्याला भिंतीवरच्या संगमरवरी फरशीवर नाव हवं होतं. शाळेच्या दृष्टीनं दोन्ही रकमा सारख्याच. पण आपल्याला फरक लगेच कळतो, कुणी शिकवावा लागत नाही.

आणि हा फरक तुलनेतूनच कळतो, हा त्यांचा खास मुद्दा. एकच आंबा खाल्ला तर तो गोड की बेताचा हे सांगणं अवघड. शेजारी दुसरी फोड ठेवली की जीभ निवाडा करते. सदसद्विवेकबुद्धीचंही तसंच. मनात एकाच वेळी दोन ओढी येतात आणि यातली ही वरची, ती खालची, असं आत उमटतं. मार्टिनोंनी या ओढींची शिडीच मांडली, तेरा पायऱ्यांची. तळाशी छिद्रान्वेषीपणा, सूड, संशय. वर चढत गेलं की बाराव्या पायरीवर करुणा, आणि तेराव्या पायरीवर, सगळ्यात वर, पूज्यभाव.

लगेच शंका येते : शिडी अशी पक्की असते का? समजा उद्या सकाळी अवघड शस्त्रक्रिया करायची असलेली डॉक्टर रात्री झोपायला निघाली आहे आणि वॉर्डातला एक घाबरलेला रुग्ण ‘बसा ना थोडा वेळ’ म्हणतो. करुणा वरची, झोपेची ओढ खालची. पण झोपणंच योग्य नाही का? केंब्रिजचे हेन्री सिज्विक यांनी मार्टिनोंवर याच अंगानं टीका केली होती : कोणती ओढ वरची हे प्रसंगानुसार बदलतं आणि ते ठरवायला शेवटी परिणामच पाहावे लागतात. मला विचाराल तर या वादात सिज्विक सरस ठरतात. मार्टिनो यावर म्हणत की परिणामांचा विचार साधन निवडताना जरूर करा, पण माणसाची पारख हेतूवरूनच होते. तेवढं मान्य करता येतं. शिडी मात्र डुगडुगते.

### बहिणीवर लिहिलेला लेख

तत्त्वासाठी किती ताणायचं, याचा मार्टिनोंच्या आयुष्यातला सगळ्यात कडू धडा घरातच घडला.

हॅरिएट लहानपणापासून बहिरी होत गेलेली, पुढे कानाला कर्णा लावून वावरणारी. जेम्स तिचा जीव की प्राण. तो कॉलेजला निघाला तेव्हा त्याच्या विरहात वेळ कसा काढू असं तिला झालं. ‘काहीतरी लिहून मासिकाला पाठव’ असं जेम्सनंच सुचवलं. तिची लेखणी सुरू झाली ती तिथून. अर्थशास्त्र गोष्टीरूपानं समजावणाऱ्या तिच्या पुस्तकांनी १८३२ नंतर इंग्लंडभर नाव कमावलं.

पुढे बिनसू लागलं. तिनं सगळ्या स्नेह्यांना आपली पत्रं नष्ट करायला सांगितलं. जेम्सना ते पटेना. शेवटी त्यांनी पत्रांचा सारांश स्वतःसाठी लघुलिपीत उतरवून घेतला, आणि मग मूळ पत्रं गेली. इतकी काटेकोर तडजोड क्वचितच कुणी केली असेल.

१८५१ मध्ये हॅरिएटनं हेन्री अॅटकिन्सन या गृहस्थांबरोबर पत्ररूप पुस्तक काढलं. मोहिनीविद्येवर विश्वास आणि देवावर अविश्वास, असा त्याचा रोख. जेम्सनी आपल्या मंडळींच्या नियतकालिकात त्याचं परीक्षण लिहिलं आणि अॅटकिन्सनला पार सोलून काढलं. बहिणीबद्दल हळहळ व्यक्त केली, पण ती हळहळच तिला जास्त झोंबली असणार : एवढ्या बुद्धीची बाई अशा माणसाच्या पायाशी बसली, असा लेखाचा सूर होता. त्यानंतर भावाबहिणीचं नातं तुटलं ते तुटलंच. हॅरिएट १८७६ मध्ये वारली.

मतं खुली ठेवा, सही मागू नका, असं म्हणणारा माणूस बहिणीच्या मतावर असा तुटून पडतो, हे विसंगत नाही का? मार्टिनोंचे चाहते म्हणत की मतस्वातंत्र्यात टीकेचं स्वातंत्र्यही आलंच. बरोबर आहे. पण ते परीक्षण दुसऱ्या कुणाकडे सोपवता आलं असतं, हेही तितकंच बरोबर आहे.

### खुल्या दाराच्या कॉलेजानं दार लावलं

लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज १८२६ मध्ये स्थापन झालं, तेच मुळी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सहीला कंटाळलेल्यांसाठी. कोणत्याही धर्माचा विद्यार्थी, कोणत्याही धर्माचा शिक्षक. डी मॉर्गन तिथे गणित शिकवायला लागले ते याच भरवशावर.

१८६६ मध्ये तिथे मन आणि तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. मार्टिनोंनी अर्ज केला. एकसष्ट वर्षांचे, तत्त्वज्ञानात देशभर नाव असलेले. संचालकांपैकी इतिहासकार जॉर्ज ग्रोट यांनी विरोध केला : धर्मोपदेशकानं तटस्थ कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू नये. ग्रोट स्वतः धर्मसत्तेचे कडवे विरोधक. म्हणजे धर्माची अट नको म्हणणाऱ्यांनीच धर्मावरून उमेदवार बाद केला. जागा चोवीस वर्षांच्या जॉर्ज क्रूम रॉबर्टसन यांना मिळाली. ते पुढे चांगले प्राध्यापक ठरले, त्यांचा यात दोष नाही.

गदारोळ झाला. आणि डी मॉर्गन, ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सही नाकारून केंब्रिज सोडलं होतं, त्यांनी आता राजीनामा दिला. मार्टिनो आणि ते धर्ममताच्या बाबतीत एका गोटातले नव्हते. डी मॉर्गनना एवढंच म्हणायचं होतं की कॉलेजनं स्वतःचा शब्द मोडला. या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात जास्त आवडणारा माणूस हाच.

### पाटी कोणती लावायची?

आता मार्टिनोंच्या हट्टातला सगळ्यात चमत्कारिक वाटणारा भाग. ते स्वतः युनिटेरियन मताचे. पण आपल्या प्रार्थनाघरावर ‘युनिटेरियन’ अशी पाटी लावायला त्यांचा विरोध. का?

याला कोर्टकचेरीची पार्श्वभूमी आहे. सतराव्या-अठराव्या शतकात प्रेस्बिटेरियन डिसेंटरांनी जी प्रार्थनाघरं बांधली, त्यांच्या ट्रस्टच्या कागदपत्रांत बऱ्याचदा श्रद्धेची कलमं लिहिलीच नव्हती. ‘डिसेंटरांच्या उपासनेसाठी’ एवढंच. पुढच्या पिढ्यांची मतं हळूहळू बदलली, त्या युनिटेरियन झाल्या, वास्तू त्याच राहिल्या. १८३० च्या सुमारास इतर पंथीयांनी दावे लावले : मूळ दात्यांच्या काळी युनिटेरियन मत बेकायदा होतं, मग दात्यांना हे अभिप्रेत असणंच शक्य नाही, मालमत्ता सोडा! यॉर्कच्या लेडी ह्यूली यांच्या धर्मादाय निधीच्या खटल्यात १८४२ मध्ये युनिटेरियन हरले. शेकडो प्रार्थनाघरं आणि दफनभूमी हातून जायची वेळ आली. शेवटी १८४४ मध्ये संसदेनं कायदा केला की मूळ कागदात स्पष्ट मनाई नसेल आणि पंचवीस वर्षांची वहिवाट असेल, तर वास्तू त्यांच्याकडेच राहील.

मार्टिनोंनी यातून काढलेला निष्कर्ष असा : आजोबांनी कागदावर श्रद्धा लिहून ठेवली नाही म्हणून आपण मोकळे राहिलो. आता आपण ‘युनिटेरियन’ असं कोरून ठेवलं तर नातवंडांच्या पायात बेडी घालू. माणसानं स्वतःला युनिटेरियन खुशाल म्हणावं. वास्तूला आणि संस्थेला म्हणू नये.

सहकाऱ्यांचं म्हणणं व्यवहारी होतं. पाटीच नसेल तर नव्या माणसानं यायचं कुठे? एकत्र बांधणारं सूत्र कोणतं? १८८८ मध्ये लीड्सच्या परिषदेत त्र्याऐंशी वर्षांच्या मार्टिनोंनी संघटनेची नवी योजना मांडली आणि ‘प्रेस्बिटेरियन’ हे जुनं, मताशी न बांधलेलं नाव सुचवलं. लोकांनी आदरानं ऐकलं आणि बाजूला ठेवलं. आज इंग्लंडमधल्या अशा बहुतेक प्रार्थनाघरांवर ‘युनिटेरियन’ अशीच पाटी आहे.

### ‘पण ही सगळी सुखवस्तूंची सोय नव्हती का?’

बऱ्याच अंशी होती. लिव्हरपूलच्या त्यांच्या श्रोत्यांत जहाजमालक आणि व्यापारी होते. हॅरिएटसारखी बहीण घरात असूनही जेम्सचं कॉलेज तिच्यासाठी नव्हतंच. स्त्रियांना तिथलं दार उघडायला विसावं शतक उजाडावं लागलं : गेरट्रूड फॉन पेट्झोल्ड १९०१ मध्ये दाखल झाल्या आणि १९०४ मध्ये लेस्टरला धर्मोपदेशक म्हणून नेमल्या गेल्या. शिंद्यांच्याच वेळच्या त्या विद्यार्थिनी.

आणि सुखवस्तू घराणी पुढे कुठवर पोचतात बघा. जेम्सच्या एलिझाबेथ नावाच्या बहिणीच्या वंशातली एक मुलगी म्हणजे आजची वेल्सची राजकन्या केट. तिचा नवरा राजा होईल तेव्हा ज्या चर्चचा प्रमुख होईल, ते तेच एकोणचाळीस कलमांचं चर्च!

### ग्रंथालयातला पुतळा

१८७१ च्या कायद्यानं ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली सहीची अट जवळजवळ सगळीकडून गेली. मग हे फिरतं कॉलेज १८८९ मध्ये थेट ऑक्सफर्डला आलं, आणि १८९३ मध्ये त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. ज्या गावात शिकायला मार्टिनोंना मज्जाव होता, त्याच विद्यापीठानं १८८८ मध्ये त्यांना मानाची डॉक्टरेट दिली होती. त्यांचे जाडजूड ग्रंथही बहुतेक निवृत्तीनंतरचे : नीतिमीमांसेवरचा ऐंशीव्या वर्षी, आणि धर्मात अंतिम अधिकार कुणाचा यावरचा पंच्याऐंशीव्या वर्षी. त्या शेवटच्या ग्रंथाचं उत्तर एव्हाना तुम्ही ओळखलं असेल : चर्चचा नाही, पोथीचाही नाही, माणसाच्या विवेकबुद्धीतून जे बोलतं त्याचा.

हे उत्तर प्रार्थना समाजाच्या माणसाला ओळखीचं वाटलं नसतं तरच नवल. दुवे आधीपासून होतेच. ज्यांच्या १८६४ च्या मुंबईभेटीनं इथल्या सुधारकांना चालना मिळाली, ते ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन १८७० मध्ये लंडनला गेले, तेव्हा त्यांचं तिथलं पहिलं प्रवचन मार्टिनोंच्याच प्रार्थनाघरात झालं.

शिंदे ऑक्सफर्डला पोचले तेव्हा मार्टिनो जाऊन दीड-एक वर्ष झालं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांचा संगमरवरी पुतळा बसवलेला होता. शिंद्यांना धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवला तो एस्टलिन कारपेंटर यांनी. ते पाली भाषेचे आणि बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक, मार्टिनोंचे विद्यार्थी, आणि ब्रिस्टलच्या त्या लँट कारपेंटर मास्तरांचे नातू. बायबल, बौद्ध धर्म, समाजशास्त्र असं सगळं तिथे शिकून शिंदे १९०३ मध्ये परतले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं काम सुरू झालं.

कॉलेज अजून तिथेच आहे. १९९६ पासून ते ऑक्सफर्ड विद्यापीठाचं रीतसर अंग झालं आणि देणगीदाराचं नाव जोडून ‘हॅरिस मँचेस्टर’ झालं. एकविशी ओलांडलेल्या विद्यार्थ्यांनाच तिथे प्रवेश मिळतो. वय विचारतात, धर्म अजूनही विचारत नाहीत.